किती वेळ चालतं?

पहिल्यांदा दोरी ओढली तर काहीच नाही. पुन्हा ओढली, सायलेन्सरमधून नुसतं एक 'फट्'. चोक अर्ध्यावर आणून तिसऱ्यांदा ओढली आणि झाडं कापायचं मशीन एकदम जागं झालं, निळसर धूर सोडत तीन-चार सेकंद ओरडलं आणि आवाज खाली खाली नेत बंद पडलं. पुन्हा दोरी, पुन्हा तीन सेकंद. अर्ध्या तासात खांदा भरून येतो, प्लग दोनदा काढून पुसून होतो, शिव्याही घालून होतात. अजिबात सुरू न होणारं इंजिन परवडलं, पण हे आशा दाखवून बंद पडणारं नको, असं वाटायला लागतं.

खरं तर उलट आहे. अजिबात सुरू न होणारं इंजिन काहीच सांगत नाही. सुरू होऊन बंद पडणाऱ्यानं मात्र अर्धी तपासणी स्वतःच करून दिलेली असते. ठिणगी पडते आहे, सिलिंडर दाब धरतो आहे, पेट्रोल पेट घेतं आहे. यातलं एक जरी नसतं तरी ते तीन सेकंदही चाललं नसतं. कोकणातला एक मेकॅनिक दुरुस्तीला आलेल्या चेनसॉला आधी हातच लावत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, चालू होतंय पण टिकत नाय." त्यावर त्याचा एकच प्रश्न: "किती वेळ चालतं?" तीन सेकंद, अर्धं मिनिट की दहा मिनिटं, यावरून तो ठरवतो की कार्ब्युरेटर खोलायचा, टाकीचं झाकण बघायचं की कॉइल. एवढ्याशा प्रश्नात इतकं कसं मावतं, हे कळायला त्या मशीनच्या आत डोकवावं लागतं, आणि एकदा डोकावलं की शिव्या मागे घ्याव्याशा वाटतात.

आधी या मशीनमध्ये काय नाही ते बघू. बॅटरी नाही, इंजिनाच्या फिरत्या चाकावरचं लोहचुंबक कॉइलसमोरून जातं तेव्हा ठिणगीपुरती वीज तयार होते. पेट्रोल चढवायला विजेचा पंप नाही. टाकी मोटरसायकलसारखी वर नाही, म्हणजे पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरेल तर तेही नाही. शिवाय हे इंजिन कायम सरळ उभं राहणारच नाही. ओंडका कापताना ते उभं असतं, झाड बुंध्याशी कापताना कुशीवर आडवं, फांद्या साळताना कोणत्याही कोनात. आणि हे सगळं मिनिटाला तेरा-चौदा हजार फेऱ्यांपर्यंत जाताना. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा.

प्रत्येक वेळी किती पेट्रोल लागतं, याचा ढोबळ हिशोब करून बघण्यासारखा आहे. मध्यम आकाराचं मशीन भरपूर ताण असताना तासाला दीड लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. लाकडात शिरलेलं असताना त्याच्या मिनिटाला नऊ हजार फेऱ्या धरू. तासाला झाले ५ लाख ४० हजार स्फोट. दीड लिटरला त्यानं भागलं तर एका स्फोटाच्या वाट्याला तीन घनमिलिमीटरही येत नाहीत. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाचे अठराएक वाटे करावेत, तेवढा हा घास. तो सेकंदाला दीडशे वेळा, हवेशी ठरलेल्या प्रमाणात, मशीन कसंही धरलं तरी बिनचूक द्यायचा. आणि हे करणारा कार्ब्युरेटर मुठीत सहज मावतो.

जुन्या कार्ब्युरेटरला हे जमलं नसतं. त्यात खाली एक वाटी असते, वाटीत पेट्रोल, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि पेट्रोल येण्याची वाट सुईनं बंद करतो. साधी, सुंदर युक्ती, पण सगळी मदार 'खाली' कुठे आहे यावर. ज्यांनी जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर चालवल्या आहेत त्यांना फ्लोटचा स्वभाव ठाऊक असेल. थंडीच्या सकाळी स्कूटर कुशीवर कलती करायची, क्षणभर धरायची, सरळ करायची आणि मग किक. कलती केल्यानं वाटीतली पातळी बिघडायची, जादा पेट्रोल आत जायचं आणि थंड इंजिनाला नेमकं तेच हवं असायचं. स्कूटरला दिवसातून एकदा कलती करणं चालतं. जे यंत्र दिवसभर कलतंच राहणार त्याचं काय?

या प्रश्नानं एकदा माणसांचे जीव पणाला लावले होते. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात स्पिटफायर आणि हरिकेन ही विमानं जर्मन मेसरश्मिट १०९ शी झुंजत होती. ब्रिटिश विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं, आणि मर्लिनला फ्लोटचा कार्ब्युरेटर. पाठलाग सुरू झाला की जर्मन वैमानिक विमानाचं नाक झपकन खाली दाबायचा. त्याच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यानं त्याला काही फरक पडत नसे. ब्रिटिश वैमानिकानं तसंच नाक दाबलं की त्याच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वाटीच्या छताला जाऊन चिकटायचं आणि इंजिन खोकायचं. पुढच्या क्षणी गोंधळलेला फ्लोट सुई सताड उघडी टाकायचा, पंप पेट्रोलचा पूर आत लोटायचा, काळा धूर निघायचा आणि इंजिन बंद. म्हणून ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटं करून मग सूर मारायचे, आणि तेवढ्या वेळात सावज निसटायचं.

फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात बिअ‍ॅट्रिस शिलिंग नावाची इंजिनीअर होती. मोटरसायकल शर्यतींत उतरणारी बाई; १९३४ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकलवरून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगानं फेरी मारून तिनं तिथलं 'गोल्ड स्टार' हे मानचिन्ह मिळवलं होतं. तिनं काढलेला उपाय म्हणजे पितळेचा एक छोटा तुकडा आणि त्याला नेमक्या मापाचं भोक. भोकातून पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल जाणार, पूर येणारच नाही. इंजिन न काढता बसवता येईल, एवढं सोपं. १९४१ च्या सुरुवातीला हे तुकडे भराभर विमानांत बसले. रोग पुरता गेला नाही, कारण सुरुवातीचं खोकणं राहिलंच. त्यासाठी फ्लोटच काढून टाकावा लागणार होता, आणि पुढच्या इंजिनांत तो काढलाही गेला.

चेनसॉची अडचण तीच होती, फक्त जमिनीवरची. आंद्रेआस श्टीलनं १९२९ मध्ये बनवलेल्या पेट्रोलवरच्या मशीनचं वजन ४६ किलो होतं. दोघांनी दोन बाजूंनी धरायचं. पण नुसतं वजन ही अडचण नव्हती. त्या काळच्या मशीनांत फ्लोट असल्यानं इंजिन आडवं करता येत नसे. मग काही मशीनांत इंजिन सरळच ठेवून पुढची साखळीची पट्टी तेवढी फिरवायची सोय करावी लागली. १९५० नंतरच्या दशकात फ्लोटऐवजी पडद्याचा कार्ब्युरेटर रुळला. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या टिलॉट्सन कंपनीचे या जातीचे कार्ब्युरेटर घरोघर पोचले. १९५९ च्या श्टील 'काँट्रा'चं वजन बारा किलोच्या आसपास होतं आणि एकटा माणूस ते हवं तसं वळवू शकत होता.

आता तो पडदा. खरं तर दोन पडदे.

पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालची बंद जागा, क्रँककेस, मोठी होते आणि तिथला दाब घटतो. पिस्टन खाली आला की दाब वाढतो. टू-स्ट्रोक इंजिन मिश्रण वर ढकलायला हा दाब वापरतंच. कार्ब्युरेटरवाल्यांनी त्याच दाबाला आणखी एक नोकरी लावली. क्रँककेसपासून कार्ब्युरेटरपर्यंत एक बारीक भोक किंवा नळी. तिच्यातून पेट्रोल जात नाही, नुसते दाबाचे हेलकावे जातात. टोकाला पहिला पडदा. तो एका बाजूनं हेलकावे घेतो आणि दुसऱ्या बाजूला असलेलं पेट्रोल एकदा ओढतो, एकदा ढकलतो. झाला पंप. पंपाला झडपा लागतात, त्या कुठे आहेत? त्याच पडद्यात नालाच्या आकाराच्या दोन चिरा मारून दोन जिभा मोकळ्या सोडलेल्या असतात. एक आत येणाऱ्या पेट्रोलला उघडते, दुसरी बाहेर जाणाऱ्याला. पंप, दोन्ही झडपा आणि त्याला चालवणारी 'मोटर', सगळं मिळून पोस्टाच्या तिकिटाएवढा एक कपटा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला तो कशाच्या तरी पाकिटात आलेला निरुपयोगी तुकडा वाटला होता.

दुसरा पडदा माप ठेवणारा. त्याच्या एका बाजूला चमचाभराहूनही कितीतरी कमी पेट्रोल मावेल अशी खोली, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. झाकणाला त्यासाठी एक बारीक भोक असतं. इंजिनात जाणारी हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते आणि वेग घेतला की तिचा दाब घटतो. अठराव्या शतकात बर्नूली आणि व्हेंतुरी यांनी ज्याचा अभ्यास केला ते हेच. गळ्यात उघडणाऱ्या बारीक भोकांतून पेट्रोल ओढलं जातं. खोलीतलं पेट्रोल कमी झालं की बाहेरची हवा पडद्याला आत दाबते, पडद्याच्या मध्यावरची धातूची टिकली एका तरफेवर टेकते, तरफेच्या दुसऱ्या टोकाची सुई केसभर उचलली जाते आणि पंपाकडून पेट्रोल आत येतं. खोली भरली की स्प्रिंग सुई बसवते. यात 'खाली' हा शब्द कुठेच नाही. हवेचा दाब चारही बाजूंनी सारखा. मशीन आडवं धरा, उलटं धरा, पडद्याला फरक पडत नाही. मर्लिनच्या वैमानिकांना जे हवं होतं ते आज नारळाचं झाड कापणाऱ्याच्या हातात असतं.

या रचनेत एक पेच आहे, आणि आपल्या रोगाचं मूळ तिथेच आहे. इंजिन चालायला पेट्रोल हवं, आणि पेट्रोल यायला इंजिन चालायला हवं. मग सुरुवात कोण करणार? चोक. चोक कार्ब्युरेटरचं तोंड बंद करतो, त्यामुळे दोरी ओढल्यावर इंजिन जे काही खेचतं त्याचा सगळा जोर पेट्रोलच्या भोकांवर पडतो. काही मशीनना अंगठ्यानं दाबायचा रबरी फुगाही असतो, तो पंपाचं काम तात्पुरतं हातानं करून देतो. पहिलं 'फट्' म्हणजे इंजिन म्हणतंय, आता पुरेसं पोचलं. तिथे चोक सोडायचा असतो. ते न ऐकता आपण पूर्ण चोकवरच ओढत राहिलो की पेट्रोल जास्त होतं आणि प्लग भिजून जातो. मग चोक उघडून, प्लग काढून, रेस पूर्ण दाबून सात-आठ वेळा दोरी ओढायची, आत साठलेलं बाहेर फेकलं जातं. प्लग बसवायच्या आधी आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल वाळू द्यायचं, हे सांगायला नको.

आता 'तीन सेकंद' या उत्तराचा अर्थ लागतो. चोकनं ओढून घेतलेलं पेट्रोल जळलं, छोट्या खोलीतलं संपलं, आणि मागून नवं आलं नाही. इंजिन उधारीवर चाललं आणि उधारी संपली. खात्री करायची तर मशीन अर्ध्या चोकवर ठेवून बघायचं. तिथे चालत राहतं आणि चोक उघडला की मरतं, तर पेट्रोल कमी पडतंय, यात शंका नको.

कुठे अडलं ते वाटेनं शोधत जायचं. टाकीत नळीच्या टोकाला एक जड फिल्टर लोंबकळत असतो. मशीन ज्या बाजूला कलेल त्या बाजूला तो घरंगळतो, म्हणजे पेट्रोल जिथे असेल तिथे तोही. वाकवलेल्या तारेनं तो बाहेर काढता येतो. काळा पडला असेल तर बदलायचा, स्वस्त असतो. नळी कडक झाली असेल तर फिल्टर घरंगळत नाही, आणि मग मशीन सरळ असताना चालतं आणि कललं की मरतं. नळीला चीर असेल तर पेट्रोलऐवजी हवा येते.

मग कार्ब्युरेटर. तो खोलण्याआधी वरची माती-भुसा झटकायचा, नाहीतर दुरुस्तीतच नवा बिघाड आत जातो. पंपाच्या बाजूचं झाकण बहुधा एका स्क्रूवर असतं. आत पहिला पडदा, आणि त्याच्याजवळ खोलगट भोकात करंगळीच्या नखाहून लहान अशी तारेची जाळी. ती पुष्कळांना माहीतच नसते. जुन्या पेट्रोलचा चिकट थर आणि बारीक कचरा तिथेच बसतो, आणि 'कार्ब्युरेटर साफ केला' असं सांगूनही मशीन चालत नाही त्याचं कारण बऱ्याचदा हीच जाळी असते. उलट्या बाजूला चार स्क्रू, खाली माप ठेवणारा पडदा. नवा पडदा बोटावर ठेवला की लुळा पडतो. जुना ताठ राहतो आणि मध्यावर दाबला तर टकटक वाजतो. तसा पडदा हवेच्या हलक्या दाबाला हलतच नाही, मग सुई उचलणार कोण? दिसायला तो धडधाकट असतो, फाटलेला नसतो, म्हणून लोक तोच परत बसवतात. पडदे आणि पॅकिंगचा संच मिळतो, तो सरळ बदलावा. बहुतेक कार्ब्युरेटरांत पॅकिंग आधी की पडदा आधी याचा क्रम दोन्ही बाजूंना उलट असतो, तेव्हा सुटं करताना मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला बरा. आणि बारीक भोकांत तार घालायची नाही. ज्या भोकातून थेंबाचा अठरावा भाग जायचा आहे ते तारेनं जरा जरी रुंदावलं तरी माप कायमचं बिघडतं. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा आणि हवा, एवढंच.

हे पडदे कडक का होतात? वय, उष्णता आणि पेट्रोल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं रायगड-रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी हवं म्हणून पडवीत ठेवलेलं मशीन एरवी महिनोन्‌महिने तसंच पडून असतं, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. आताच्या आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि कित्येक मशीनच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांचीच मर्यादा छापलेली आहे. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, नेमके जिथे तो जड फिल्टर पडलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे लिटरला २० मिली मोजून घातलेलं टू-स्ट्रोक ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. मशीनला तळचं बिनतेलाचं पाणचट मिश्रण जातं. पारदर्शक बाटलीत थोडं ओतून ठेवलं की दोन थर डोळ्यांनी दिसतात. मी तर म्हणेन की महिनाभरापूर्वी कालवलेलं पेट्रोल मशीनमध्ये घालूच नये, मोटरसायकलच्या टाकीत भरपूर नव्या पेट्रोलबरोबर संपवावं.

मेकॅनिकला दुसरं उत्तर असं मिळतं: आयडलिंगला बरं चालतं, रेस दाबली की गुदमरून बंद. इथे पेट्रोल येतंय, पण वाढती मागणी भागत नाही, किंवा हवेची वाट कोंदली आहे. फिल्टर आणि कमी वेगाचा एल स्क्रू बघायचा, एअर फिल्टर झटकायचा. नारळाचा बारीक तंतुमय भुसा त्याला चटकन भरून टाकतो. मग सायलेन्सर. त्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवायची जाळी असते, आणि 'इंजिनाला बरं' म्हणून ऑइल सढळ हातानं घालणाऱ्यांची जाळी काजळीनं बुजलेली असते. टू-स्ट्रोकमध्ये जुना धूर बाहेर जात असतानाच नवं मिश्रण आत येत असतं, म्हणून धुराला वाट नसेल तर मिश्रणालाही नसते.

याच टप्प्यावर एक चुकीचा उपाय सर्रास केला जातो. मशीन बंद पडतंय ना, मग आयडलिंगचा स्क्रू आवळा. मशीन मरत नाही हे खरं, पण आयडलिंग मिनिटाला अडीच-तीन हजारांवरून इतकं वर जातं की क्लच पकडतो आणि बोट रेसवर नसतानाही साखळी फिरत राहते. हातात फिरती साखळी घेऊन माणूस फांद्यांतून चालतो. बंद पडणारं मशीन यापेक्षा शतपटीनं चांगलं.

'दहा मिनिटं छान चालतं, मग मरतं, थोडं थांबलं की पुन्हा चालतं.' हे उत्तर ऐकलं की मेकॅनिक कार्ब्युरेटरकडे बघतही नाही. घरी तेलाचा डबा फोडताना आपण समोरासमोर दोन भोकं पाडतो, एक तेलाला, एक हवेला. एकच भोक असेल तर तेल गळंगळं करत थांबतं. मशीनच्या टाकीलाही हवेचं भोक लागतं. पण मशीन उलटं झालं तर त्यातून पेट्रोल सांडू नये, म्हणून तिथे हवा आत घेणारी आणि पेट्रोल बाहेर न सोडणारी एक चिमुकली झडप असते. ती भुशानं बुजली की टाकीत हळूहळू पोकळी तयार होते, आणि शेवटी पडद्याच्या पंपाची ताकद तिच्यापुढे कमी पडते. मशीन थांबलं की कुठून तरी फटीतून हवा शिरते आणि पुन्हा दहा मिनिटांची सोय होते. परीक्षा सोपी आहे. मशीन मेल्याबरोबर ते सपाट जमिनीवर ठेवून टाकीचं झाकण अगदी सावकाश सैल करायचं आणि कान द्यायचा. हवा आत शिरल्याचा 'सूं' आवाज आला आणि त्यानंतर मशीन लगेच चालू झालं, तर चोर सापडला. सावकाश अशासाठी, की गरम टाकीत कधी उलटा, बाहेरच्या दिशेचा दाबही असतो, आणि मग पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर उडू शकतं. झाकण सैल ठेवून काम करायची युक्ती मात्र कुणी सांगितली तरी ऐकू नये.

'सूं' आला नाही तर कॉइल. तापल्यावर तिच्या आतली केसासारखी तार कुठेतरी दगा देते, ठिणगी जाते; थंड झाल्यावर परत येते. म्हणून ती थंड मशीनवर तपासून उपयोग नाही, बंद पडल्या पडल्या बघावी लागते. आणि एक साधी शक्यता विसरली जाते: बंद करायच्या बटणाची वायर कुठेतरी घासून उघडी पडली असेल, तर हादऱ्यानं ती धातूला टेकते आणि मशीनला वाटतं की आपल्याला बंद केलं.

सगळ्यात धोकादायक उत्तर वेगळंच असतं: मरायच्या आधी मशीन उगाच जोरात ओरडतं. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, आयडलिंग वर-खाली होत राहतं. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय ताकद आली. पण हे कुठूनतरी जादा हवा शिरल्याचं लक्षण आहे, कार्ब्युरेटरनंतरच्या रबरी नळीतून किंवा क्रँकच्या दोन्ही टोकांच्या सीलमधून. हवा जास्त म्हणजे पेट्रोल तुलनेनं कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, कारण ते पेट्रोलमधूनच येतं. इंजिन वेगानं फिरतंय आणि कोरडं पडतंय. अशा वेळी जास्त वेगाच्या एच स्क्रूशी खेळून मशीन 'बसवणारे' काही तासांत पिस्टन चिकटवून देतात. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली तर त्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर वाचलो, उभे ओरखडे असतील तर दुरुस्तीचं बिल दहापट.

हवेची गळती शोधायची चांगली पद्धत अशी: कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबरी पट्टी लावून बंद करायची, नळी जोडून हातपंपानं आत अर्ध्या बारच्या आसपास दाब भरायचा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. दाब टिकला की बरेच जण हुश्श करतात. पण क्रँकच्या सीलला एक ओठ असतो, आणि आतून दाब आला की तो ओठ शाफ्टवर आणखीच घट्ट बसतो. आत पोकळी झाली की तोच ओठ उचलला जातो आणि हवा शिरते. चालत्या इंजिनात दाब आणि पोकळी प्रत्येक फेरीला आलटून-पालटून येतात. म्हणून जाणता मेकॅनिक त्याच नळीला पंप उलटा जोडतो, आतली हवा ओढून घेतो आणि पंपाच्या काट्याकडे बघत बसतो, काटा हलतो का.